आजींचा मफलर आणि माझा खांदा

नमस्कार मंडळी. आत्ता कुणाचा चहा चालू असेल, कुणी पोरांचे डबे भरत असेल. वरच्या फळीवरची बरणी काढायला हात वर गेला असेल ना, त्या एवढ्याशा हालचालीसाठी ऑपरेशननंतर मला साडेतीन महिने लागले.

मी माउंटन बायकिंग करतो, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवतो. मागच्या दिवाळीनंतर पुण्यातल्या वेताळ टेकडीवरनं पंचवटीच्या बाजूला उतरताना एका वळणावर सुट्या मुरमावर पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या हातावर पडलो. खांदा निखळला. खांद्याची गोलाईच गेली होती, बाजूला खड्डा आणि पुढे टेंगूळ, आणि मी डाव्या हातानं कोपर धरून तसाच बसलो.

फिरायला आलेली माणसं जमली. एक काका चांगल्या मनानं पुढे आले, म्हणाले सरका, आमच्या गावाला असाच बसवतात, आणि त्यांनी माझं मनगट धरलंसुद्धा. तेवढ्यात मागनं आवाज आला, "अहो, सोडा आधी त्याचा हात! ओढायचा नाही." साडी, त्यावर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज, हातात काठी, अशा एक आजी. तीस वर्षं वॉर्डात नर्स होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझ्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथं शर्टच्या बाहीची शिवण येते ना तिथं, बोट टेकवलं आणि विचारलं, "इथं कळतंय का रे हात लावलेला?" मग बोटं हलवायला लावली. तिथनं जाणारी शीर दुखावली की तेवढा भाग बधिर होतो, ते त्या बघत होत्या. मग गळ्यातला मफलर काढून माझ्या हाताला झोळी केली, गाठ मानेच्या मणक्यावर येऊ नये म्हणून बाजूला घेतली. तपकिरी लोकरीचा मफलर, एका टोकाला लाल दोऱ्यानं रफू केलेला.

म्हणून पुन्हा सांगतो, निखळलेला खांदा कुणाला ओढू देऊ नका. हाताला झोळी करा, दवाखाना गाठा, एक्सरे होऊ द्या, मग डॉक्टर बसवतील.

पुढचं थोडक्यात. खांदा हा उखळीचा सांधा म्हणतात, पण उखळ कसली, बशी आहे ती, बशीवर लिंबू ठेवल्यासारखं. लिंबू जागेवर राहतं ते बशीची कड आणि भोवतालचे चार स्नायू यांच्या जोरावर. माझी कडच फाटली होती, ती डिसेंबरात दुर्बिणीतून शिवली. चार आठवडे हात गळ्यात. मग वाकून हात लोंबता ठेवून गोल फिरवायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, मग रबरी पट्टा ओढायचा. फिजिओ मॅडम एकच वाक्य रोज म्हणायच्या आणि तेच मी तुम्हाला सांगतो, दुखणं थांबलं म्हणजे खांदा तयार झाला असं नाही.

तर मफलर. बायकोनं तो थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवला, आणि हात गळ्यातनं निघाल्यावर जानेवारीपासून मी तो पिशवीत घालून रोज टेकडीवर चालत जायला लागलो. आजी भेटेनात. त्या सहाच्या आधीच येऊन जायच्या, मी सातला. पण त्या निमित्तानं पहिल्यांदा ती वाट मी पायी बघितली, दहा वर्षं जिथनं सुसाट गेलो ती. पडलो त्या वळणाशी उभा राहिलो तेव्हा कळलं की ब्रेक वळणाच्या आधी लावायला हवा होता, मी तो वळणात लावला. (जाता जाता सांगतो, ही टेकडी टेकडीच राहू द्या हो, तिच्यातनं रस्ते आणि बोगदे काढायचं कुणी बोलायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि सकाळी तिथं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावू नका, मोर ओरडत असतात.)

फेब्रुवारीत एका पहाटे खाणीजवळ आजी भेटल्या. मी मफलर पुढे केला तर म्हणाल्या, "आधी हात वर कर बघू." केला. दंड आणि कान यांच्यामध्ये त्यांनी बोटं घालून मोजली. "चार बोटं राहिलंय. दंड कानाला लागला की दे." आणि गेल्या. मग दर शनिवारी मोजणी. तीन बोटं, मग किती आठवडे दोनच बोटं, त्यात मी घरी चिडचिड करायचो, त्या म्हणायच्या, "थांब रे, मांस घाईनं जुळत नाही." एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी दंड कानाला लागला. भर उन्हाळ्यात त्यांनी तो मफलर घडी करून पिशवीत ठेवला, आणि माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवून गेल्या.

सायकल तोवर घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पायडल मारायच्या स्टँडवर, चालू होती, एप्रिलअखेर डांबरी रस्ता, आणि सर्जननी हो म्हटल्यावर जूनमध्ये पावसाच्या आधी टेकडी. टायरची हवा ४० पीएसआयवरनं ३० केली, म्हणजे दगडांचे दणके हातापर्यंत कमी येतात. कोपरं वाकलेली, मूठ सैल, वजन पायांवर. पहिल्या दिवशी त्या वळणाशी उतरलो आणि सायकल हातात धरून चालत गेलो, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ब्रेक आधी लावला, मुरूम टाळून आतल्या कातळावरनं चाक नेलं आणि खाली पंचवटीपर्यंत न थांबता आलो.

पट्ट्याचे व्यायाम अजून चालू आहेत, आठवड्यातनं तीनदा, आणि ते चालूच राहणार. वेळ झाली मंडळी, येतो. नमस्कार.