दिवाळीला अजून फास्ट येतंय म्हणे

नमस्कार मंडळी, मागं आवाज येतोय ना? बरं. मला सांगितलंय की येणाऱ्या नव्या प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपवर बोला, आणि खरं सांगायचं तर गेली तीसेक वर्षं मी त्याच्यावरच बोलतोय, फक्त स्टेजवरून नाही, नवी पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या काउंटरवरून. गिऱ्हाईक यायचं, कोटेशन घ्यायचं, चहा प्यायचं आणि उठताना म्हणायचं, थांबतो की ओ जरा, दिवाळीला अजून फास्ट येतंय म्हणे. मग दिवाळीला यायचं तेव्हा त्याला जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतरचं काहीतरी ऐकू आलेलं असायचं. एकानं असं करत तीन वर्षं काढली, शेवटी पोराचं कॉलेज संपलं.

आता क्लोन चिप, म्हणजे एका कंपनीच्या चिपचं सॉफ्टवेअर चालवणारी दुसऱ्या कंपनीची चिप. क्लोन म्हटलं की आपल्या सोलापूरकरांच्या डोक्यात लगेच डुप्लिकेट येतं, कारण दुसरीकडं विणलेल्या चादरीवर 'सोलापुरी' लेबल लावून विकतात ते आपण बघितलंय. पण क्लोन चिप म्हणजे ते नव्हे. मागावर डिझाइन उठवणाऱ्या जकार्ड यंत्राचा विचार करा. चादरीचं डिझाइन कार्डांवर भोकं पाडून तयार असतं, आणि भोकांचं अंतर जुळलं की तोच सेट दुसऱ्या कंपनीच्या जकार्डवर पण चालतो, मोर सेम टू सेम येतो. आतलं मशीन कसं बनवलंय याच्याशी कार्डाला काय घेणंदेणं नाही. इंटेल कंपनीच्या चिपसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर एएमडी किंवा सायरिक्स या दुसऱ्या कंपन्यांच्या चिपवर चालायचं ते असंच, कार्ड तेच, माग वेगळा.

आणि ही स्पर्धा मुळात लावून दिली आयबीएमनं. 1981 ला पीसी काढताना त्यांनी इंटेलची 8088 घेतली, पण एकाच कारखान्यावर अवलंबून राहायचं नव्हतं म्हणून दुसरा सप्लायर पाहिजे म्हणाले, तसा एएमडी आत आला. पुढं 1985 ला 386 ही नवी चिप आली तेव्हा ती एएमडीला बनवू द्यायला इंटेलनं हात आखडता घेतला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 1991 ला एएमडीनं स्वतःची 386 काढली, ती पण 40 मेगाहर्ट्झची (हा चिपच्या ठोक्यांचा वेग), इंटेलची 33 वर थांबलेली! त्याच सुमारास कोर्ट म्हणालं की 386 हा नुसता आकडा आहे, तो कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून 1993 ला 586 च्या जागी पेंटियम असं नाव आलं.

आकड्यांची गंमत सांगतो. 1996 ची सायरिक्स 6एक्स86, वर लिहिलेलं पी166+, म्हणजे काम 166 मेगाहर्ट्झच्या पेंटियमएवढं, पण आत चालायची 133 मेगाहर्ट्झवर. लोक म्हणायचे फसवलं. फसवलं असं नाही ओ, एक माग मिनिटाला जास्त पिक, म्हणजे आडवे धागे मारतो पण एकच टॉवेल काढतो, दुसरा हळू पण रुंद, दोन टॉवेल शेजारी-शेजारी, मग फास्ट कुठला? ऑफिसच्या कामात ती खरंच पळायची. दशांश चिन्हाची गणितं आली की मात्र दमायची, क्वेक गेम लावला की पोरं शिव्या घालायची, आणि तापायची पण लै. खरी फसवणूक वेगळीच होती. एकदा मी मुंबईहून, व्यापाऱ्याचं नाव सांगत नाही, पाच चिप आणल्या, त्यातल्या दोनवरचा मूळ आकडा घासून वर मोठा छापलेला, हे कळलं कधी तर भर उन्हाळ्यात मशीनं हँग व्हायला लागल्यावर. त्याला म्हणायचं डुप्लिकेट.

मार्च 2000 मध्ये एएमडीनं 1 गिगाहर्ट्झ, म्हणजे 1000 मेगाहर्ट्झ गाठलं, दोन दिवसांनी इंटेलनं. घाई एवढी की त्याच ऑगस्टमध्ये इंटेलला 1.13 गिगाहर्ट्झची पेंटियम थ्री परत मागवावी लागली. मग अंदाज सुटले, 10 गिगाहर्ट्झ येणार, खुद्द इंटेलवाले बोलत होते, आणि मी पण काउंटरवर छातीठोकपणे सांगितलं, कबूल करतो. पण उष्णता आडवी आली आणि 2004 ला 4 गिगाहर्ट्झची पेंटियम फोर पण रद्द झाली. म्हणून मग वेगाऐवजी एकाच चिपमधले कोर, म्हणजे काम करणारे मेंदू, वाढवत गेले.

मला सगळ्यात आवडतो तो किस्सा 64 बिटचा, म्हणजे आधीच्या 32 बिटपेक्षा एका दमात दुप्पट रुंद आकडा हाताळणाऱ्या चिपचा. इंटेलनं इटॅनियम काढली, कार्डच बदललं, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर रडतखडत चालणार. एएमडीनं 2003 ला जुनंच कार्ड रुंद केलं, जुनं पण चालेल, नवं पण चालेल. बाजार तिकडं गेला, आणि पुढच्या वर्षी इंटेलला तीच पद्धत उचलावी लागली. क्लोनची क्लोन, आणि ती कुणी केली बघा!

आता चर्चा आर्म या वेगळ्या पद्धतीच्या चिपवाल्या लॅपटॉपची आहे. बॅटरी झकास टिकते, पण कार्ड वेगळं, जुने विंडोज प्रोग्राम मधे दुभाषा बसवून चालवावे लागतात, आणि जुने ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम, तर चालतच नाहीत.

हां, विचारा... आत्ता घेऊ का थांबू? तुमचा टॉवेलचा कारखाना ना? मग आधी हे सांगा, डिझाइनचं सॉफ्टवेअर कुठल्या सालचं आहे, आणि त्याला कॉम्प्युटरच्या मागं ते डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची चावी, लावावं लागतं का?