एका कोअरचा जोर : एम्युलेटरसाठी संगणक निवडताना

मंडळी, गेम खेळायला संगणक घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो ग्राफिक्स कार्डाचा. नवे गेम खेळणाऱ्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण ज्याला जुन्या कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांचे, गेम एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळायचे आहेत, त्याने सगळं बजेट कार्डात ओतलं तर गेम अडखळतोच, आणि मग तो एम्युलेटर लिहिणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोसेसरचा एकच कोअर, म्हणजे त्यातला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग, एकट्याने किती वेगाने पळतो आणि तो वेग किती वेळ टिकवतो, हे आधी बघा. बाकीचं नंतर.

हे असं का, ते प्लेस्टेशन २ वरून सांगतो. हे यंत्र २००० साली आलं. त्याचा मुख्य प्रोसेसर, इमोशन इंजिन, साधारण २९५ मेगाहर्ट्झवर चालायचा. आज साध्यातला साधा डेस्कटॉप तीन-चार गिगाहर्ट्झच्या घरात असतो. दसपटीहून जास्त वेग हाताशी आहे, मग अडतं कुठे? तर त्या गेममधल्या सूचना मिप्स नावाच्या वेगळ्या प्रोसेसर-घराण्यातल्या आहेत. आपला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर त्या थेट चालवू शकत नाही. एम्युलेटर गेम चालू असतानाच त्या सूचनांचे तुकडे उचलतो, आपल्या प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलतो, साठवून ठेवतो आणि चालवतो. एका मूळ सूचनेमागे आपल्याकडच्या कितीतरी सूचना खर्ची पडतात.

एक बारीक गोष्ट सांगतो, म्हणजे खर्च कुठे होतो ते कळेल. अपूर्णांकांचं गणित आपले प्रोसेसर एका ठरलेल्या मानकाप्रमाणे करतात. त्यात ‘अनंत’ आणि ‘ही संख्याच नाही’ असे दोन खास निकाल असतात. प्लेस्टेशन २ च्या गणिती भागात हे दोन्ही प्रकारच नाहीत. तिथे उत्तर फार मोठं झालं की ते सर्वांत मोठ्या संख्येवर येऊन थांबतं. त्यामुळे एम्युलेटरला आकडेमोड झाली की उत्तर तपासून मर्यादेत आणावं लागतं. पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २ च्या एम्युलेटरमध्ये ‘क्लॅम्पिंग’ नावाची सेटिंग दिसते, ती याचसाठी. ती कमी ठेवली तर काही गेममध्ये पात्रांचे हातपाय पडद्याभर ताणले जातात, वाढवली तर प्रोसेसरवर ओझं वाढतं. आणि हा झाला फक्त मुख्य प्रोसेसर. त्याच्या जोडीला दोन व्हेक्टर युनिट (एकाच वेळी अनेक आकड्यांचं गणित करणारे भाग), चित्र काढणारी वेगळी चिप, डिस्क आणि कंट्रोलर सांभाळणारा वेगळा प्रोसेसर आणि आवाजाची चिप, असा सगळा गोतावळा आहे. तो एकमेकांशी ताळमेळ ठेवून चालवायचा. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला मिळतात १६.७ मिलीसेकंद. तेवढ्यात हे सगळं उरकलं पाहिजे.

नाही उरकलं तर? इथे पीसी गेमची सवय असलेले लोक फसतात. पीसी गेममध्ये ६० ऐवजी ४५ फ्रेम मिळाल्या तर चित्र थोडं खरखरीत वाटतं, पण पात्र त्याच वेगाने धावतं. एम्युलेटरमध्ये कन्सोलचं घड्याळच मंदावतं. साठच्या जागी पंचेचाळीस म्हणजे अख्खा गेम ७५ टक्के वेगाने चालणार. पात्र चिखलातून चालल्यासारखं चालतं, संगीत रेंगाळतं किंवा तडतडतं. म्हणून ‘चालतो, थोडा स्लो आहे’ याला एम्युलेशनमध्ये काही अर्थ नाही. पूर्ण वेग मिळायलाच हवा आणि वर थोडी शिल्लकही हवी, कारण सगळ्यात अवघड प्रसंग नेमका शेवटच्या लढाईत येतो.

आता लोक म्हणतात, मग सोळा कोअरचा प्रोसेसर घेऊ. प्रश्न असा आहे की पुढची सूचना मागच्या सूचनेच्या उत्तरावर अवलंबून असते. वरची वीट खालच्या विटेआधी बसत नाही, मग गवंडी कितीही लावा. पीसीएसएक्स२ मुख्य प्रोसेसर एका थ्रेडवर (थ्रेड म्हणजे एका वेळी एका कोअरवर चालणारी कामाची रांग), चित्रांचं काम दुसऱ्यावर आणि हवं तर एक व्हेक्टर युनिट तिसऱ्यावर टाकतो. डॉल्फिन नावाचा एम्युलेटरही गेमक्यूब किंवा निन्टेन्डो वी हे कन्सोल चालवताना मुख्यतः दोन थ्रेडवर भागवतो. म्हणजे चार चांगले कोअर असले की पुष्कळ झालं. पाचवा, सहावा, दहावा कोअर विंडोज आणि ब्राउझरच्या कामी येईल, गेमच्या नाही.

यातूनच एक नेहमीचा गोंधळ होतो. गेम अडखळतोय म्हणून माणूस टास्क मॅनेजर उघडतो. तिथे सीपीयू २० टक्के. मग तो म्हणतो, प्रोसेसर तर मोकळा आहे, दोष ग्राफिक्स कार्डाचा. अहो, आठ कोअर आणि सोळा थ्रेडच्या (प्रत्येक कोअर दोन थ्रेड सांभाळतो अशा) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा सहा टक्क्यांच्या आसपासच वाढतो! शिवाय विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे वेगवेगळे आलेख पाहिले तरी एकही शंभरला टेकलेला दिसेल असं नाही. एम्युलेटरच्या आतलेच आकडे बघा. पीसीएसएक्स२ पडद्याच्या कोपऱ्यात ईई (इमोशन इंजिन), जीएस (चित्रांचं काम), व्हीयू (व्हेक्टर युनिट) आणि जीपीयू (आपलं ग्राफिक्स कार्ड) यांचे वेगवेगळे टक्के दाखवतो. ईई ९९, जीएस ३५, जीपीयू २० असं दिसलं आणि वेग ८८ टक्के असेल, तर नवं कार्ड आणून काडीचा फरक पडणार नाही. उलट जीपीयू ९८ आणि ईई ५० असेल, तर रिझोल्युशन एक पायरी खाली आणा, काम झालं.

मग कोणता प्रोसेसर? नुसते गिगाहर्ट्झ बघू नका. दहा वर्षांपूर्वीचा चार गिगाहर्ट्झ आणि आजचा चार गिगाहर्ट्झ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण एका ठोक्यात होणारं काम वाढलंय. नव्या सूचनांचाही फायदा मिळतो. गेमक्यूब आणि वी चे प्रोसेसर पॉवरपीसी घराण्यातले. ते आकड्यांचे बाइट आपल्या उलट क्रमाने ठेवतात, त्यामुळे मेमरीतून काहीही वाचलं की क्रम उलटवावा लागतो. इंटेलच्या २०१३ च्या हॅस्वेल पिढीत वाचता वाचताच क्रम उलटवणारी सूचना आली. एकंदर कामाचा वेगही वाढला होता, त्यामुळे डॉल्फिनवाल्यांची त्या पिढीत चंगळ झाली. तुलना करताना वेगाच्या चाचणीतला सिंगल-थ्रेडचा, म्हणजे एकाच थ्रेडवरचा, गुण बघायचा. मल्टी-थ्रेडचा मोठा आकडा जाहिरातीत शोभतो.

याला ठळक अपवाद प्लेस्टेशन ३. त्यातला सेल प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा. एक मुख्य कोअर आणि गेमला वापरायला सहा छोटे, गणितात तरबेज असे एसपीयू. इथे मात्र त्याचा एम्युलेटर आरपीसीएस३ खरोखर सहा-आठ कोअर वापरतो. शिवाय प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-५१२ (एका फटक्यात पुष्कळ आकड्यांवर काम करणारा सूचनांचा संच) असेल तर एसपीयूची कामं कमी सूचनांत होतात. गंमत म्हणजे इंटेलने बाराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून ते काढून टाकलं आणि एएमडीने २०२२ च्या झेन ४ पिढीत ते आणलं. प्लेस्टेशन ३ हेच तुमचं मुख्य लक्ष्य असेल, तर माझं मत सरळ एएमडीकडे. आणि रॅम १६ जीबी, दोन काड्यांत. बाकी कन्सोलना ८ जीबी पुरते.

कन्सोल जितका जुना तितका हलका, असंही नसतं. सेगा सॅटर्न आणि पहिला प्लेस्टेशन दोन्ही १९९४ चे. पण सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर आणि चित्रांच्या दोन चिपा, त्यामुळे तो जास्त घाम काढतो. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा. तो अंदाजपंचे चालवणारे एम्युलेटर पेंटियमच्या काळातही होते, पण प्रत्येक चिपची प्रत्येक हालचाल हुबेहूब करणाऱ्या बीएसनेस या एम्युलेटरला गिगाहर्ट्झ लागले. अचूकपणाची किंमत प्रोसेसर मोजतो.

लॅपटॉपवाल्यांनी जरा जपून. जाहिरातीतला ४.७ गिगाहर्ट्झ हा बूस्ट असतो. पातळ लॅपटॉपमधला १५ वॅटचा प्रोसेसर तो थोडा वेळ दाखवतो, मग तापतो आणि खाली येतो. पहिली दहा मिनिटं मजेत जातात, नंतर संगीत तडतडायला लागतं. कुणाचा लॅपटॉप तपासायचा असेल तर अर्धा तास खेळून बघा, आणि तेही चार्जर लावून.

ग्राफिक्स कार्डाला मी कमी लेखत नाही, त्याचं काम वेगळं आहे. प्लेस्टेशन २ चं चित्र बहुधा ६४० बाय ४४८ किंवा त्याहून लहान असायचं. ते तिप्पट केलं की पिक्सेल नऊपट होतात, आणि ते ओझं कार्डाचं. मूळ रिझोल्युशनवर खेळणाऱ्याला आजकालचं प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बरेचदा पुरतं, फक्त रॅमच्या दोन काड्या हव्यात, कारण असं ग्राफिक्स त्याच रॅममधून वाचतं. कार्ड घ्यायचंच तर व्हल्कन (प्रोग्रॅमने कार्डाला काम सांगायची एक पद्धत) नीट चालवणारं, ड्रायव्हर अजून मिळत असलेलं घ्या. पहिल्यांदा एखादा स्फोट झाला की गेम क्षणभर गचका खातो, तो शेडर (कार्डावर चालणारा चित्र रंगवायचा छोटा प्रोग्रॅम) तयार होण्याचा गचका आहे, कार्ड कमजोर असल्याचा नाही.

डिस्क ड्राइव्हबद्दल कुणी बोलत नाही. स्वतःच्या डिस्कची प्रत काढायची तर प्लेस्टेशन २ ची डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हला वाचता येते. प्लेस्टेशन ३ ला ब्लू-रे ड्राइव्ह लागतो, तोही ठरावीक मॉडेलचाच. गेमक्यूबच्या डिस्क नेहमीचा ड्राइव्ह वाचत नाही, तिथे वी कन्सोललाच कामाला लावतात.

मॉनिटरचं थोडक्यात. सगळे गेम सेकंदाला ६० चित्रांचे नसतात. युरोपातल्या बऱ्याच आवृत्त्या ५० हर्ट्झच्या, आणि ‘मॉर्टल कोम्बॅट’चं आर्केड यंत्र ५४.७ वर चालायचं. ६० च्या मॉनिटरवर तो गेम अधूनमधून झटका देणारच, प्रोसेसर कितीही भारी असो. रिफ्रेश रेट गेमप्रमाणे बदलणारा मॉनिटर असेल तर ही कटकट मिटते.

मघाशी चिठ्ठी आली होती, ऑफिसातून निघालेला सेकंड-हँड डेस्कटॉप घ्यावा का? जरूर घ्यावा. गेमक्यूब आणि प्लेस्टेशन २ साठी त्यासारखा स्वस्त मार्ग नाही. फक्त कॅबिनेट आधी उघडून बघा. छोट्या आकाराच्या डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, आणि पॉवर सप्लाय बरेचदा त्याच कंपनीच्या मापाचा असतो, बाजारातला बसत नाही. कार्डाला वेगळी वायर न जोडता स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, तेव्हा तेवढ्यात भागणारं कार्ड शोधा. आणि रॅमची एकच काडी असेल तर दुसरी आधी टाका, कार्डाचं नंतर बघू.