दूध केंद्रापर्यंतचे तीन थांबे

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेतील या गल्लीतून हातात पिशवी घेऊन निघालेले आजोबा ७४ वर्षांचे आहेत. दूध केंद्र घरापासून जेमतेम तीनशे पावलांवर आहे, पण तेथे पोचेपर्यंत ते तीनदा थांबतात: विजेच्या डीपीला हात टेकून, मग बंद दुकानाच्या पायरीपाशी आणि शेवटी चौकातल्या वार्ताफलकासमोर. फलकावरचा मजकूर गेल्या आठवड्यातला आहे आणि तो त्यांचा केव्हाच वाचून झालेला आहे. दोन मिनिटांत पोटरीत आलेला गोळा उतरतो आणि ते पुढे निघतात.

आधी मंडईत जाणे सुटले, मग पर्वती, मग संध्याकाळचा कट्टा. प्रत्येक वेळी कारण वेगळे सांगितले गेले आणि घरच्यांनी ते वयावर घातले. चालणेच कमी केल्यामुळे दुखणेही कमी झाले. त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर आजोबांनी दिलेले ‘तसा काही त्रास नाही’ हे उत्तर खोटे म्हणता येत नाही.

आजोबांचे दुखणे पायांच्या धमनीविकाराचे (पेरिफेरल आर्टरी डिसीज) आहे: पायांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत चरबीचे थर साचून त्या अरुंद होतात, आणि धूम्रपान व मधुमेह ही त्यामागची मोठी कारणे आहेत. बसलेल्या माणसाला पुरेल इतके रक्त अशा धमनीतून जाते, परंतु चालताना पोटरीच्या स्नायूंची गरज कैक पटींनी वाढते आणि तेथे ते कमी पडते. नुसते उभे राहिले तरी हे दुखणे थांबते. कंबरेतील नस दबून पाय दुखत असतील, तर सहसा बसावे किंवा पुढे वाकावे लागते. एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडते.

आता हा आजार ओळखण्याची तपासणी पाहा, कारण ती कोणत्याही साध्या दवाखान्यात होऊ शकते. आजोबांना दहा मिनिटे उताणे पडू दिले आहे. परिचारिका दोन्ही दंडांवर आणि नंतर दोन्ही घोट्यांच्या वर रक्तदाबाचा पट्टा बांधते, पावलावर जेलचा थेंब ठेवते आणि पेनाएवढा डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींच्या साहाय्याने रक्तप्रवाह ऐकवणारे उपकरण, तिरका धरून ठोका शोधते. ‘हुश्श, हुश्श’ असा आवाज येतो. पट्टा फुगवला की तो नाहीसा होतो, हवा सोडताना ज्या आकड्यावर तो परत येतो तो आकडा ती कागदावर लिहिते. दंडाचा दाब १५०, उजव्या घोट्याचा ९०, भागाकार ०.६. निरोगी माणसात हे गुणोत्तर १ च्या आसपास असते आणि ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर धमनी अरुंद झाली आहे असे मानतात. मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा, १.४ च्याही वर येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

मात्र ०.६ या आकड्यात मंडई नाही आणि कट्टाही नाही. म्हणून या टेबलावर दुसरा कागद ठेवला आहे: किती अंतर चालता, जिना चढता का, कोणाकडे जाणे टाळता, चिंता वाटते का. आमच्या मते हा कागद डॉप्लरइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो भरून घेण्याचा कंटाळा फार केला जातो.

रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधे सुरू झाली आहेत. खरा उपचार या व्हरांड्यात चालला आहे: दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे, विश्रांती धरून तीस ते पंचेचाळीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा, किमान बारा आठवडे. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक फेरीनंतर भिंतीवर खडूने रेघ ओढते. उपचाराविना राहिलेल्या काहींच्या पावलावरची जखम भरत नाही, पाय कापावा लागतो, आणि हृदयविकाराचा धोकाही हा आजार असलेल्या सर्वांनाच अधिक असतो.

आठवा आठवडा. सकाळ, तीच गल्ली, तीच पिशवी. आजोबा डीपीपाशी थांबत नाहीत. दुकानाची पायरीही मागे पडते. वार्ताफलकाशी मात्र ते अजून थांबतात.