‘आय कॅन’च्या पलीकडे

नमस्कार, श्रोतेहो.

मराठीत आपण ‘मला येतं’ म्हणतो, ‘मला जमतं’ म्हणतो, ‘मला झेपतं’ म्हणतो आणि ‘माझं भागतं’ असंही म्हणतो. अहिराणीतही ‘माले येस’ आणि ‘माले जमस’ यांत फरक आहेच. इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र हे सगळं आपण एकाच ‘आय कॅन’मध्ये कोंबतो. व्याकरण चुकत नाही, पण आपल्याला किती येतं आणि कसं येतं, हे समोरच्यापर्यंत पोचत नाही. रोजच्या इंग्रजीत हे काम फ्रेजल व्हर्ब करतात. गेट, पिक, कीप, पुल अशी साधी क्रियापदं आणि त्यांना जोडलेले बाय, अप, ऑफ, आऊट हे छोटे शब्द.

‘भागतं’ यासाठी आहे ‘गेट बाय’. ‘आय कॅन गेट बाय इन इंग्लिश’ म्हणजे बोलणं सफाईदार नाही, पण काम अडत नाही. याच्यापुढे भाषेचं नाव थेट जोडू नका. भाषेसाठी मध्ये ‘इन’ हवा आणि पैशांसाठी ‘ऑन’. ‘वुई गेट बाय ऑन ट्वेल्व्ह थाउजंड अ मंथ’, म्हणजे महिन्याला 12 हजारांत आमचं भागतं. मुलाखतीत मात्र हा शब्द जपून वापरा. दिवसभर ग्राहकांशी इंग्रजीत बोलायची नोकरी असेल, तर ‘गेट बाय’ने तुम्ही स्वतःला कमी लेखता. फोनवरचे ग्राहक खरोखर सांभाळता येत असतील, तर ‘आय कॅन हँडल कस्टमर कॉल्स इन इंग्लिश’ असं सरळ सांगा.

सुरतेला कामाला गेलेल्या आपल्या माणसांना गुजराती येते, ती वर्गात बसून नव्हे, कानावर पडून. त्यांनी म्हणावं, ‘आय पिक्ड अप गुजराती इन सुरत.’ ‘लर्न्ड’ म्हटलं तरी बरोबरच आहे. पण ‘पिक्ड अप’ म्हटलं की शिकवणीशिवाय शिकण्याची तुमची तयारीही त्यातच सांगून होते.

‘झेपत नाही’ हे नम्रपणे सांगायला ‘टेक ऑन’ फार उपयोगी. हातात आधीच 2 कामं असताना तिसरं आलं, तर ‘आय कान्ट टेक ऑन एनी मोअर वर्क धिस वीक’ म्हणा. इथे आपण काम करायला नकार देत नाही, आणखी भार घेता येणार नाही एवढंच सांगतो. कामाच्या वेगाशी जुळवून घेता येत असेल तर ‘कीप अप विथ’ आणि अडचण निभावून नेता येत असेल तर ‘कोप विथ’. या दोघांच्या सरमिसळीतून ‘कोप अप विथ’ हा प्रकार जन्माला आला असावा. तो आपल्याकडे ऑफिसातही सर्रास ऐकू येतो, पण प्रमाण इंग्रजीत तो चूक समजतात. ‘कोप’ला ‘अप’ लागत नाही. ‘आय कॅन कोप विथ द प्रेशर’, बस.

आता सर्वांत जास्त घोटाळा होतो ती जागा. समजा, रावेरला केळीचा माल भरताना पाऊस आला, तरी संध्याकाळी 6 पर्यंत ट्रक भरून झाला. व्यापाऱ्याला आपण सांगतो, ‘वुई कुड लोड द ट्रक बाय सिक्स.’ त्याला वाटतं, 6 पर्यंत भरता येईल असं हे म्हणताहेत, म्हणजे अजून भरलेला नाही. कारण भूतकाळातल्या ‘कुड’चा अर्थ ‘एरवी जमायचं’ असा होतो. एका ठरावीक वेळी प्रत्यक्ष जमलं, हे तो होकारार्थी वाक्यात सहसा सांगत नाही. तिथे ‘वुई मॅनेज्ड टु लोड द ट्रक’ म्हणा किंवा ‘वुई वेअर एबल टु लोड इट’ म्हणा. अवघड असूनही करून दाखवलं, हा भाव हवा असेल तर ‘वुई पुल्ड इट ऑफ’. तोही रोज ठरलेल्या वेळी होणाऱ्या कामासाठी नको. नकाराला ही अडचण नाही. ‘वुई कुडन्ट लोड इट’ अगदी बरोबर. पाहणं, ऐकणं यांसारख्या क्रियांनाही ‘कुड’ चालतो.

त्यातलाच एक म्हणजे ‘मेक आऊट’. भुसावळ जंक्शनवर गाड्यांच्या आवाजात सूचना नीट कळली नाही, तर ‘आय कुडन्ट मेक आऊट द अनाउन्समेंट’. कान किंवा डोळे कमी पडले, तर हा शब्द. डोकं चालवून उलगडायचं असेल तर ‘फिगर आऊट’, हिशेब करून काढायचं असेल तर ‘वर्क आऊट’. आणि फोन लागला नाही, तर ‘आय कुडन्ट गेट थ्रू’.

‘इट’, ‘देम’ अशी सर्वनामं कुठे बसवायची तेही पाहा. ‘फिगर इट आऊट’, ‘पुल इट ऑफ’, ‘वर्क इट आऊट’ यांत ‘इट’ मध्येच येतो, ‘फिगर आऊट इट’ चालत नाही. ‘कोप विथ इट’ आणि ‘कीप अप विथ इट’ यांत मात्र तो शेवटीच. अर्जात किंवा कंपनीच्या ईमेलमध्ये ‘पुल ऑफ’ सैल वाटतो. तिथे ‘कम्प्लीट’ किंवा ‘मॅनेज’ बरा. बाकीचे बोलण्यात आणि साध्या ईमेलमध्ये खुशाल वापरा.

शेवटी उच्चार. ‘फिगर इट आऊट’ म्हणताना जोर ‘आऊट’वर, ‘कीप अप विथ’मध्ये ‘अप’वर. ‘कोप विथ’मध्ये जोर ‘कोप’वर आणि ‘विथ’ हलका. ‘कॅन’वर तर सहसा जोर देऊ नका, तो ‘कन्’ असा पटकन म्हणा. ‘आय कन् गेट बाय.’ नकाराच्या ‘कान्ट’वर मात्र पूर्ण जोर हवा, कारण त्यातला ‘ट’ फोनवर बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. जोर देऊन म्हटलेला ‘कॅन’ समोरच्याला ‘कान्ट’ वाटू शकतो, मग जमणारं कामही हातचं जातं. ही वाक्यं मोठ्याने म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त जोर कुठे पडला तेवढंच तपासा.

नमस्कार.