ती फणी रबराची होती

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘शंभर वर्षांपूर्वीच्या घरातलं रबर आणि वीज’. विजेकडे येतोच, पण आधी एका फणीची गोष्ट सांगू द्या.

चार वर्षांपूर्वी एका संग्रहालयात गेलो होतो. काचेच्या कपाटात १९२०च्या सुमाराची काळी, दाट दातांची फणी होती आणि खाली चिठ्ठी : ‘शिंगाची फणी’. मला तिथेच शंका आली. शिंगात पट्टे दिसतात, पातळ कडेतून थोडा उजेड झिरपतो. ही सगळीकडून सारखी काळी, फक्त खिडकीकडची बाजू तपकिरी-हिरवट पडलेली. एबोनाइटला, म्हणजे कडक केलेल्या रबराला, ऊन लागत राहिलं की नेमकं हेच होतं. तिथल्या गृहस्थांना म्हटलं, ‘‘अहो, ही रबराची आहे.’’ ते म्हणाले, ‘‘रबर वाकतं.’’ मी म्हटलं, ‘‘कपाट उघडा, अंगठ्याने जोरात घासा आणि वास घ्या. गंधकाचा वास आला नाही तर मी माफी मागतो.’’ कपाट उघडलं नाही. मग पत्र लिहिलं, दोन स्मरणपत्रं लिहिली. चिठ्ठी अजून तीच आहे आणि फणी अजून उन्हात आहे. त्या चिठ्ठीपेक्षा मला ते ऊन जास्त डाचतं.

‘रबर वाकतं’ हे वाक्य मी गेली चार वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. कारण त्या काळातलं बरंचसं रबर वाकतच नव्हतं.

आपल्याला फणसाचा चीक माहीत आहे. खोबरेल लावल्याशिवाय हाताचा सुटत नाही. रबराच्या झाडाचाही चीकच. नुसता वाळवला तर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली त्यात गंधक घालून तापवलं आणि तो बारा महिने लवचीक राहू लागला. शंभराला दोन-तीन भाग गंधक घातलं तर सायकलची ट्यूब होते. तेच प्रमाण तीसच्या आसपास नेऊन बराच वेळ तापवलं की लाकडासारखं कडक एबोनाइट. त्याचं पेटंट चार्ल्सच्या भावाने, नेल्सनने, १८५१ साली घेतलं. (जाता जाता : आपण ‘खोडरबर’ म्हणतो, पण इंग्रजीत ‘रबर’ हे नावच मुळी घासून खोडण्यावरून पडलेलं. प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७० साली ही खोडण्याची करामत नोंदवून ठेवली. म्हणजे आपण खोडणं दोनदा म्हणतो, आणि मला ते फार आवडतं.)

आता आजोबांचं फाउंटन पेन डोळ्यांपुढे आणा. नळी एबोनाइटची, कारण त्या वेळची शाई आम्लयुक्त, धातूला खायची. पोटातली शाईची पिशवी मऊ रबराची. एकाच पेनात एकाच चिकाची दोन टोकं! डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचंही तसंच : नळ्या मऊ, छातीवर टेकवायचा भाग बऱ्याचदा एबोनाइटचा. कवळीच्या हिरड्याही रबराच्या, हिंगूळ घालून लाल केलेल्या. १९३०च्या दशकाअखेर अॅक्रिलिक येईपर्यंत हेच चाललं. शेकायची पिशवी, गमबूट, मोटारीच्या भोंग्याचा फुगा, बाळाच्या बाटलीचं बूच, हे तुम्ही म्हणालच. पण कवळी कुणी म्हणणार नाही!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. विजेचं थोडक्यात सांगतो.

वीज घरात आली ती रबराचं पांघरूण घेऊन. तेव्हाच्या वायरींत तांब्याच्या तारेवर रबराचा थर असायचा आणि त्यावर सुती वेष्टण. पण रबरातलं गंधक तांब्याला काळं पाडतं, म्हणून आधी तारेला कथलाचा मुलामा द्यायचे. म्हणजे चक्क कल्हई! टेलिफोनचा कानाला लावायचा भाग, रेडिओची पुढची फळी, यांतही एबोनाइट. वीज अडवायची, ओल शोषायची नाही, आणि लेथवर हवा तो आकार द्यायचा. तिन्ही कामं एकत्र करणारं दुसरं स्वस्त काही फारसं नव्हतं; बेकेलाइट हे नवं प्लास्टिक नुकतंच हातपाय पसरत होतं. विजेचा इतिहास तांब्याचा म्हणून लिहिला जातो. तो रबराचाही आहे, एवढंच मला आज मांडायचं होतं.

एक गोष्ट मात्र घाईतही गाळणार नाही. हा चीक यायचा कुठून? बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खासगी काँगोत, १८८५ ते १९०८, गावांना रानरबराचा कोटा ठरवून दिलेला होता. तो भरला नाही तर माणसं मारली, हात तोडले. तोडलेल्या हातांची छायाचित्रं आहेत. तोवर विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ साली ब्राझीलहून इंग्लंडला नेलेल्या सुमारे सत्तर हजार बियांतून जी थोडी रोपं जगली, त्यांचा वंश सिलोन-मलायात वाढला होता. आपल्याकडे केरळात १९०२ साली पेरियारकाठी लागवड झाली. १९२०च्या दशकात बहुतेक रबर या मळ्यांतलं होतं. पण त्याआधीच्या वस्तू कुणाच्या हातून आल्या, हे संग्रहालयातल्या चिठ्ठीवर लिहायला हवं.

संपवतो. माझ्याकडची एक फणी इथे टेबलावर ठेवलीय, आजीची आहे. अंगठ्याने घासा, मग नाकाशी न्या. आणि जाताना कुणीतरी ती परत रुमालात गुंडाळा, खिडकीतून ऊन येतंय.