६०० टनांचा ठोकळा

(पडद्यावर: होक्काइदो बेटाचा नकाशा, दक्षिण किनाऱ्यावर मुरोरान)

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेट आणि त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर मुरोरान. खोल बंदर, भोवती डोंगरांचा आडोसा, आणि खाणीतला कोळसा थेट धक्क्यापर्यंत आणणारी रेल्वे. १९०७ साली इथे निहोन सेइकोशो, म्हणजेच जपान स्टील वर्क्स ही कंपनी उभी राहिली. लघुरूप जेएसडब्ल्यू. आपल्याकडे ही अक्षरं ऐकली की रायगडमधलं डोलवी आठवतं, पण त्या जिंदालांच्या कंपनीशी हिचा संबंध नाही.

दोनच वर्षांपूर्वी जपानने त्सुशिमाच्या लढाईत रशियाचं आरमार बुडवलं होतं. विजय जपानचा, पण ॲडमिरल तोगो ज्या ‘मिकासा’वर उभे होते, ती युद्धनौका ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीने बांधलेली. मोठ्या तोफा देशातच घडवायच्या, हे आरमाराने मनावर घेतलं. पैसाही जुळून आला. होक्काइदोतल्या कोळसा आणि जहाज कंपनीची रेल्वे सरकारने नुकतीच ताब्यात घेतली होती आणि गुंतवायला भांडवल हाताशी होतं. एक कोटी येनपैकी निम्मे या कंपनीने घातले. उरलेले निम्मे ब्रिटनच्या आर्मस्ट्राँग आणि व्हिकर्सने. ज्यांच्याकडून तोफा विकत घेणं थांबवायचं, त्यांनाच भागीदार करून घेतलं! या धूर्तपणाला दाद द्यायलाच हवी.

(पडद्यावर: जुनी छायाचित्रं, तोफांच्या नळ्या)

तोफेची नळी हे साधं काम नव्हे. आत बारीकशी भेग राहिली, तर पहिल्याच बारात नळी फुटते आणि आपलीच माणसं मरतात. म्हणून मुरोरानची सगळी विद्या एकाच गोष्टीवर एकवटली: प्रचंड आकाराचा, आतून निर्दोष असा पोलादाचा एकसंध तुकडा.

१९१८ साली याच कारखान्याने विमानाचं इंजिन बनवलं आणि त्याच वर्षी आवारात चक्क तलवारींची लोहारशाळा काढली. तलवारी घडवणारे कारागीर कमी होत चालले होते आणि ती कला बुडू नये, हा हेतू. होरिई घराण्यातले लोहार तिथे आले. एका बाजूला आगीच्या राक्षसी भट्ट्या, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या निखाऱ्यांवर तापवून, दुमडून, पुन्हा ठोकलेलं पातं. ही लोहारशाळा अजून चालू आहे.

१५ जुलै १९४५. आयोवा, मिसुरी आणि विस्कॉन्सिन या अमेरिकन युद्धनौकांनी पंचवीसहून अधिक किलोमीटरवरून मुरोरानवर मारा केला. १६ इंची ८६० गोळे. तोफा घडवणारा कारखानाच तोफांच्या तोंडी आला. महिन्याभरात युद्ध संपलं आणि मुख्य गिऱ्हाईकही गेलं.

पुढची वर्षं ओढग्रस्तीची. प्लास्टिकवर प्रक्रिया करणारी यंत्रं हा नवा धंदा सापडला, आणि आज तो कंपनीचा मोठा आधार आहे. पण मुरोरानला ते बळ लगेच मिळालं नाही. १९५४ मध्ये कंपनीने शेकडो कामगारांना कमी करायचं ठरवलं आणि संप पेटला. तो १९३ दिवस चालला. मध्येच संघटना फुटली, काही कामावर परतले, बाकीचे फाटकाबाहेर. एका गावातली घरं अशी दोन बाजूंना वाटली गेली.

(पडद्यावर: लालभडक ठोकळा, दाबयंत्र)

मग वीज आली. औष्णिक वीज केंद्रांना लागणारे रोटर, म्हणजे यंत्रात फिरणारे अवजड दांडे, आणि अणुवीज केंद्रांना लागणारी दाबपात्रं, म्हणजे अणुइंधन ज्यात असतं ती जाड पोलादी भांडी. अणुभट्टीचं दाबपात्र जोडून बनवलं की प्रत्येक वेल्डिंगचा सांधा आयुष्यभर तपासत राहावा लागतो. म्हणून ते शक्य तितक्या कमी आणि मोठ्या तुकड्यांत घडवायचं. त्यासाठी मुरोरानमध्ये ६०० टनांचा ठोकळा ओतला जातो. एका भट्टीचं पोलाद पुरत नाही, अनेक भट्ट्यांतलं एकामागून एक ओतावं लागतं. ओतणं निर्वात कोठीत, कारण पोलादात हायड्रोजन अडकला तर आत सूक्ष्म तडे जातात. मग १४ हजार टनांच्या दाबयंत्राखाली तो लालभडक ठोकळा दाबायचा, वळवायचा, पुन्हा तापवायचा. शेवटी हाती येणारा तुकडा मूळ वजनाच्या कितीतरी कमी असतो. बाकीचं कापून काढलेलं असतं.

२००० नंतरच्या दशकात असे सर्वात मोठे तुकडे देणारे कारखाने जगात मोजकेच होते, आणि मुरोरान त्यात अग्रभागी. अणुभट्ट्या बांधणाऱ्या फ्रान्सच्या अरेवा कंपनीनेही जपान स्टील वर्क्समध्ये हिस्सा घेतला. जैतापूरला अरेवाच्याच अणुभट्ट्या बसवायच्या होत्या, म्हणून रत्नागिरीची चर्चा फिरून टोकियोपर्यंत पोचली. जपानी सुटे भाग भारतात यायचे, तर दोन्ही देशांत अणुकरार हवा. तो २०१६ मध्ये झाला. तोवर २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेने जगभरच्या मागणीचं कंबरडं मोडलं होतं.

एवढ्या जाड तुकड्याचं पोट कापून कुणी पाहू शकत नाही. गिऱ्हाईक पाहतं ते चाचणीचा कागद. २०२२ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की मुरोरानमध्ये निदान १९९८ पासून त्या कागदावरचे आकडे बदलले जात होते. विशेष चौकशीत ४४९ प्रकरणं निघाली. त्यात वीजनिर्मितीच्या यंत्रांतले अवजड भागही होते. ते बसवून वर्षं उलटलेली. आता एकेक नोंद पुन्हा काढून ग्राहकांना कळवणं, हे काम कारखान्यापुढे येऊन पडलं.