वजन, काम आणि दुरडीतली अर्धी भाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

‘मला दिवसाला किती कॅलरी लागतात?’ असे विचारणारी व्यक्ती बहुधा त्याच दमात आपले वजनही सांगून टाकते. वजनावरून अंदाज बांधता येतो, हे खरे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, बैठे काम करणाऱ्या 65 किलो वजनाच्या पुरुषाला 2110 आणि 55 किलो वजनाच्या स्त्रीला 1660 कॅलरी लागतात. म्हणजे किलोमागे पुरुषाला सुमारे 32 आणि स्त्रीला 30. पुन्हा सांगते, बैठे काम असेल तर पुरुषाने आपले वजन 32 ने गुणावे आणि स्त्रीने 30 ने.

मात्र हा गुणाकार कुठे फसतो, ते मला दोन जावांनी शिकवले.

चार वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका आरोग्य शिबिरात त्या माझ्याकडे आल्या. थोरलीचे वजन 72 किलो होते आणि ती दिवसभर शिलाई मशीनवर बसून ब्लाउज शिवत असे. धाकटीचे वजन 46 किलो होते. अंगात त्राण राहत नाही, अशी तिची तक्रार होती. रांग मोठी होती. मी दोघींच्या वजनाला 30 ने गुणले आणि थोरलीला 2160, धाकटीला 1380 असे आकडे कागदावर लिहून दिले.

तीन आठवड्यांनी थोरलीच धाकटीला हाताला धरून घेऊन आली. हळदीचे डाग पडलेला माझा कागद तिने टेबलावर उलगडून ठेवला आणि म्हणाली, “ताई, माझं वजन तसूभर हललं नाही, आणि ही काल बांधावर चक्कर येऊन पडली. तुम्ही सांगितलंय म्हणून ताटातली अर्धी भाकरी मोडून परत दुरडीत ठेवते. चार महिन्यांचं लेकरू अंगावर पितंय हिच्या, आणि दिवसभर भांगलण असते.”

मी तिला काम विचारले नव्हते आणि बाळाचेही विचारले नव्हते. ती चूक आजही मला बोचते.

मग मी हिशोब नव्याने मांडला. शेतातल्या मध्यम कष्टांसाठी स्त्रीला किलोमागे 30 नव्हे, तर सुमारे 39 कॅलरी धराव्या लागतात. म्हणून 46 किलोला जवळजवळ 1800. बाळाला पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला त्यावर रोज 600 जास्त लागतात. एकूण 2400 झाल्या, आणि मी लिहून दिल्या होत्या 1380! थोरलीच्या हिशोबातली माझी चूक उलट दिशेची होती. चरबी स्नायूंइतकी ऊर्जा खर्च करत नाही, त्यामुळे वजन जास्त असेल तेव्हा काट्यावरचा आकडा न घेता उंचीला साजेसे वजन धरावे. तिच्या उंचीला ते 52 किलोच्या आसपास होते, म्हणून तिची गरज 1560 एवढीच ठरली. वजनाने हलकी असलेल्या जावेला जड जावेपेक्षा आठशेहून अधिक कॅलरी लागत होत्या.

मध्यम कष्टांच्या पुरुषासाठी किलोमागे 42 धरावेत. हमाली किंवा खाणकामासारख्या अतिकष्टाच्या कामाला पुरुषासाठी 53 आणि स्त्रीसाठी 50. आधी काम विचारावे, मग वजन. हा क्रम कृपया लक्षात ठेवा. आणि चहाबरोबरची बिस्किटेही हिशोबात घ्या. आपल्याकडे त्यांना कोणी खाणे मानतच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

धाकटीसाठी त्या वाढीव 600 कॅलरी आम्ही घरातल्याच जिनसांतून काढल्या: ज्वारीच्या दोन भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. पुढच्या खेपेला त्या दोघी आल्या, तेव्हा भाकरीची दुरडी आता आपणच धाकटीच्या ताटाशेजारी ठेवते, असे थोरलीने मला सांगितले.